आधी तेल की आधी पाणी?

डिसेंबरात पुण्यात खोबरेल तेल गोठतं. मग आमची आई बाटली गॅलरीत उन्हात ठेवते आणि तासाभराने घरातल्या एकेकाला हाक मारते. मागच्या हिवाळ्यात त्या रांगेत एक नवीन डोकं आलं. आमच्या वरच्या खोलीत घानाची एक मुलगी भाड्याने राहते, इथे पीएचडी करते. वाळलेले कपडे काढायला ती खाली आली, आईने तिच्या केसांना हात लावून पाहिला (विचारून, हे मुद्दाम सांगते, न विचारता हात लावणाऱ्यांनी तिला पुरतं पिडलं आहे) आणि लगेच निदान केलं, "किती कोरडे पडलेत गं! बस इथे पाटावर."

पुढचा अर्धा तास यथासांग चंपी झाली. टाळूवर तेल थापलं, बोटांनी जिरवलं, वर आणखी दोन तळवे भरून ओतलं. दोन दिवसांनी पोरगी संकोचत म्हणाली, "काकू, टाळू अजून चिकट आहे. केस मात्र होते तसेच." आई चक्रावली. "अगं, पाव बाटली गेली! ते तेल गेलं कुठे?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला मी वाचायला बसले आणि बऱ्याच रविवारी तिच्या खोलीत जाऊन ती केसांचं काय काय करते तेही पाहिलं. त्यातून हा लेख.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ‘ब्लॅक हेअर’ म्हणतात ते रंगाबद्दल नाही. रंगच बघायचा तर आपल्या अख्ख्या गल्लीचे केस काळे. त्यांना म्हणायचे असतात आफ्रिकन वंशाच्या लोकांचे केस, स्प्रिंगसारखे घट्ट वेटोळे असलेले. मुद्दा पिळाचा आहे.

हा पीळ येतो कुठून? सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर छेद साधारण गोल दिसतो. घट्ट पिळाच्या केसाचा छेद चपटा लंबगोल असतो, बोटाने दाबलेल्या शेवईसारखा. शिवाय त्वचेत ज्या कूपिकेतून केस उगवतो ती कूपिकाच वाकडी असते, त्यामुळे केस बाहेर येतो तोच वळत वळत. ओढून पाहिला तर दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब भरतो आणि सोडला की टपकन वर जातो. वरच्या मुलीच्या कानापर्यंत दिसणारे केस ओले करून ताणले की खांद्याखाली येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली होती.

आता आईच्या प्रश्नाकडे. आपल्या सगळ्यांच्या टाळूत तेलाच्या ग्रंथी असतात आणि त्या प्रत्येक केसाच्या मुळाशी थोडं थोडं तेल सोडत राहतात. सरळ केसावर ते आपोआप खाली ओघळतं, फणी फिरवली की टोकापर्यंत पोचतं. म्हणून तर आपण चार दिवस केस धुतले नाहीत की ते चप्प दिसायला लागतात. घट्ट पिळाच्या केसात दर काही मिलिमीटरला वळण. एक्स्प्रेसवेवर सुटलेली गाडी आणि घाटात अडकलेली गाडी, एवढा फरक. मुळाशी तयार झालेलं तेल मुळाशीच राहतं, टोकं उपाशी. आणि जे स्वतःच्या ग्रंथींच्या तेलाचं झालं तेच आईच्या खोबरेलाचं झालं. टाळूवर ओतलेलं तेल टाळूवरच बसलं. ते कुठेही गेलं नव्हतं.

दुसरी अडचण मोडण्याची. केसाच्या बाहेरच्या अंगाला सपाट खवल्यांचं आवरण असतं, कोकणातल्या घरावर कौलं रचावीत तसं, एकावर एक, उतरत्या दिशेने. केस जिथे वळतो तिथे ही कौलं ताणली जातात, उचकटतात. प्रत्येक वळण म्हणजे एक कच्चा दुवा. कंगवा जोरात ओढला की केस नेमका तिथे तुटतो. आफ्रिकन वंशाचे केस वाढतातही जरा सावकाश, पण ‘आमचे केस लांबच होत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वाढीपेक्षा तुटण्याचा हात मोठा असतो. मुळाशी वाढतात तेवढेच टोकाशी झडतात, मग हिशेब शून्यच राहणार.

इथे एक गंमत आहे. आपण, आणि आफ्रिकन वंशाचे लोकही, या केसांना बिनदिक्कत ‘कोरडे’ म्हणतो. पण प्रयोगशाळेत तपासलं तर सगळ्या वंशांच्या केसांतलं केराटिन नावाचं प्रथिन सारखंच निघतं आणि केसाच्या आतला स्निग्धांश तर आफ्रिकन केसांत जास्तच आढळला आहे. म्हणजे बोटांना जो कोरडेपणा लागतो तो बराचसा खरखरीतपणा असतो: उचकटलेली कौलं, तेल न पोचलेली टोकं, एकमेकांवर घासणारी वेटोळी. ही गोष्ट लक्षात ठेवली की तेलाकडून काय मागायचं आणि काय नाही, ते कळायला लागतं.

केस मऊ कशाने होतो? पाण्याने. बुरूड टोपली विणण्याआधी बांबूच्या कामट्या भिजत घालतो, कारण सुक्या कामटीला वाकवली तर ती मोडते. केसाचं तसंच आहे. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना ज्या हलक्या बंधांनी धरून असतात ते बंध पाणी सैल करतं आणि केस लवचिक होतो. केस सतत हवेतून पाणी घेत आणि सोडत असतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर कोरड्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी त्याच्यात असतं. पूर्ण भिजला की हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. भिजलेला केस जाडीत सुमारे १५ टक्के फुगतो, लांबीत मात्र जेमतेम एक-दोन टक्के. पावसाळ्यात लाकडी दरवाजा रुंदीत फुगून चौकटीत अडकतो, पण उंच होत नाही, तसंच हे.

आणि तेल? तेलात पाण्याचा थेंबही नसतो. त्यामुळे जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तेलाने केसाला ओलावा मिळत नाही. तेल दोन कामं करतं. एक, खवल्यांवर पातळ थर देऊन घासणं कमी करतं, म्हणून हात फिरवला की मऊ लागतं. दोन, आत असलेलं पाणी उडून जायचा वेग कमी करतं. पण आत पाणी असेल तर ना! कोरड्या केसावर तेल चोपडणं म्हणजे सुकलेल्या कुंडीवर प्लास्टिक झाकणं. वर चमक येते, आतली माती तशीच तडकलेली राहते.

म्हणून वरच्या मुलीचा मंत्र साधा आहे: आधी पाणी, मग तेल.

आईला हे पटायला वेळ लागला आणि तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. दिवाळीच्या पहाटे आपण काय करतो? आधी तेल, मग उटणं, मग ऊन ऊन पाणी. अभ्यंगस्नानाचा क्रम शेकडो वर्षांचा आहे, तो काय उलटा होता? उलटा नव्हता. त्याचं काम वेगळं आहे आणि त्या कामाचा सर्वांत चांगला अभ्यास, योगायोग बघा, मुंबईतच झालेला आहे.

मॅरिको ही पॅराशूट तेल विकणारी मुंबईची कंपनी. तिच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल (पेट्रोलियमपासून काढलेलं) यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातलं थोडं प्रथिन झिजून जातं. धुण्याआधी किंवा नंतर तेल लावलं तर ही झीज कमी होते का, हा प्रश्न होता. तिघांपैकी फक्त खोबरेलाने ती लक्षणीय कमी झाली. खोबरेल विकणाऱ्यांनीच खोबरेलाला पहिला नंबर दिला म्हटल्यावर मीही आधी नाक मुरडलं. पण कारण पाहिलं तर रसायनशास्त्रात बसणारं आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी आखूड आणि सरळ, केसाच्या प्रथिनाशी त्याचं जमतंही, त्यामुळे ते कौलांच्या फटींतून आत शिरू शकतं. सूर्यफुलाच्या तेलातला मुख्य घटक लांब आणि वाकडा, तो बाहेरच अडकतो. खनिज तेल तर प्रथिनाला ओळखतच नाही. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत गेलेलं उपकरणाने टिपलेलंही होतं.

आत गेलेलं खोबरेल काय करतं? पाणी जास्त शिरू देत नाही. म्हणजे न्हाताना केस कमी फुगतो. वारंवार फुगणं आणि आक्रसणं यानेच कौलं उचकटतात, त्यामुळे कमी फुगला की कमी झिजला. अभ्यंगाचं तेल न्हाणीतल्या पाण्यापासून केसाला सांभाळतं. न्हाल्यानंतरचं तेल आत गेलेलं पाणी धरून ठेवतं. दोन क्रम, दोन कामं. आफ्रिकन वंशाच्या बायकांमध्येही शाम्पूच्या आदल्या रात्री तेल लावून ठेवण्याची पद्धत आहेच. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा ‘बघ, मी म्हणत नव्हते!’ असा झाला. फक्त तेल टाळूवर थापायच्या ऐवजी केसांच्या लांबीला लावायचं होतं.

आता तिचा रविवार. एकदा जवळून पाहिल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

सकाळी दहाला ती जुना टीशर्ट घालून आरशासमोर बसते. शेजारी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची असते तसली फवाऱ्याची बाटली. धुतलेल्या केसांचे ती चार भाग करते, तीन चिमट्यात अडकवते, एक मोकळा. त्यावर पाणी मारते, हाताने दाबते, पुन्हा मारते. हळूहळू पिंजलेल्या कापसासारखा दिसणारा पुंजका वेगवेगळ्या वेटोळ्यांत सुटायला लागतो. मग गुंता. फणी नाही, बोटं. आणि तीही टोकाकडून मुळाकडे. वरून खाली ओढलं तर सगळे गुंते खाली जमून त्याची गाठ होते, हे लांब केसांची वेणी घातलेल्या कुठल्याही मराठी बाईला सांगायला नको. बोटं मोकळी फिरली की मोठ्या दातांचा कंगवा. मग न धुता ठेवायचं कंडिशनर. त्यानंतर तेलाचा नंबर. डब्यातून हरभऱ्याएवढं पिवळट लोणी घेते, तळव्यांवर चोळते, ते वितळून पारदर्शक झालं की टोकांना आधी, मधल्या लांबीला नंतर, टाळूला नाहीच. शेवटी त्या भागाच्या बटा घेऊन दोन-दोन पदरांचे पीळ घालते. हरभऱ्याएवढ्याने एक भाग होतो. सगळं डोकं व्हायला अडीच तास. मधे आईचा चहा वर जातो.

पाणी, मग तेल, मग क्रीम, की पाणी, मग क्रीम, मग तेल, यावर अशा केसांच्या बायकांत दोन तट आहेत आणि पोह्यात बटाटा घालावा की नाही इतक्याच तावातावाने ते भांडतात. मला त्यात मोठा फरक दिसला नाही. पाणी पहिलं, यावर मात्र दोघांचं एकमत. रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल, कारण सुती उशी तेलही पिते आणि केसही घासते. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अशा केसांना आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदाच धुवा म्हणते. रोज शाम्पू म्हणजे जे थोडं तेल आहे तेही वाहून घालवणं.

ते पिवळट लोणी म्हणजे शिया. घानातल्या कुमासी शहराकडच्या तिच्या भाषेत त्याला ‘न्कूतो’ म्हणतात. या गोष्टीत मी जरा जास्तच रमले, आणि का ते सांगते.

शियाचं झाड सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या गवताळ पट्ट्यात वाढतं. फळ धरायला पंधरा-वीस वर्षं घेतं. हे झाड ज्या कुळातलं, त्याच कुळात आपला चिकू आणि आपला मोह. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळंबीचं तेल काढतात ना, थंडीत तुपासारखं थिजणारं? शिया हे त्याचं आफ्रिकेतलं भावंड. फळं पिकून खाली पडली की बायका वेचतात, बिया उकळून वाळवतात, फोडून आतला गर भाजतात, दळतात आणि मग त्या तपकिरी लगद्यात पाणी घालून हाताने मळत बसतात. मळता मळता रंग फिका पडतो आणि स्निग्धांश वर तरंगायला लागतो. अगदी ताक घुसळताना लोणी वर यावं तसं. ते धुऊन, कढवून, गाळून थिजवलं की शिया लोणी तयार. उत्तर घानात आणि बुर्किना फासोत हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम आणि बायकांचं उत्पन्न आहे.

याची एक जुनी नोंद इब्न बतूताची आहे. हो, तोच, जो मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी होता आणि ज्याने आपल्या दौलताबादचं वर्णन लिहून ठेवलं. भारतातून परतल्यावर १३५२ मध्ये तो सहारा ओलांडून माली राज्यात गेला. तिथे एका फळाच्या कोयीतून तेल काढतात, त्यात तळतात, त्यावर दिवे लावतात, ते अंगाला चोळतात आणि मातीत मिसळून घरं सारवतात, असं त्याने लिहिलं आहे. हे वर्णन शियाचं आहे. घर सारवायला जे चालतं ते केसाला का चालतं हेही त्यातच आलं: पाणी अडवण्याचा गुण.

शियात ओलेइक आणि स्टिअरिक ही दोन आम्लं मुख्य. ती खोबरेलासारखी केसात खोल शिरत नाहीत, बाहेर राहून पांघरूण घालतात. खोलीत घट्ट, तळव्याच्या उबेने वितळणारं, केसावर पुन्हा थोडं घट्ट होणारं. अशा केसांना हेच हवं, कारण पातळ तेल वळणावळणांवर टिकत नाही. खोबरेल मात्र पुण्याच्या थंडीत चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि गोठलेलं खोबरेल कडक, ठिसूळ. बऱ्याच आफ्रिकन बायका ‘खोबरेलाने केस कडक होतात’ म्हणतात त्याला असंही एक कारण असू शकेल.

एरंडेलाबद्दल मात्र हात राखून लिहिते. जमैकात एरंडाच्या बिया भाजून, कुटून, उकळून काळसर तेल काढतात. ते जगभर ‘केस वाढवणारं’ म्हणून विकलं जातं. जगातलं बहुतेक एरंडेल आपल्या शेजारच्या गुजरातेतून जातं, तेव्हा ते आपल्याला नवीन नाही. दाट आहे, चिकट आहे, टोकांवर चांगलं बसतं, भुवयांना चमक आणतं. पण त्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. तुटणं कमी झालं की लांबी टिकते आणि आपल्याला वाढ झाल्यासारखं वाटतं, एवढंच. भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एका तरुणीची हकीकत छापली आहे. तिने केस धुण्याआधी खोबरेल आणि एरंडेल लावलं आणि धुताना सगळे केस एकमेकांत अडकून दगडासारखा गोळा झाला. शेवटी कापावे लागले. असं सहसा होत नाही. तरी एरंडेल नुसतं न लावता पातळ तेलात मिसळून लावावं, हे शहाणपणाचं.

बाकीची तेलं पटकन उरकते. बदाम, ऑलिव्ह, तीळ ही मधली. वरवरचं काम ठीक करतात. जोजोबा खरं तर तेल नाहीच, द्रवरूप मेण आहे. आपल्या ग्रंथींच्या तेलातही तशा जातीचं मेण असतं, म्हणून ते हलकं वाटतं. मोरोक्कोचं आर्गन चांगलं, पण किमतीतला बराच भाग बाटलीच्या देखणेपणाचा. शेवग्याच्या बियांचंही तेल निघतं आणि परदेशात ते ‘मोरिंगा’ या नावाने असं काही महागात विकतात की आपल्या परसातल्या शेवग्याला ते कळलं तर तो लाजेल. खनिज तेलाला ‘नैसर्गिक नाही’ म्हणून वाळीत टाकतात, तेही मला पटत नाही. ते आत शिरत नाही, पण बाहेरून केस गुळगुळीत ठेवतं.

टाळूचं काय? आपल्या संस्कारात तेल म्हणजे टाळूवर. पण टाळूवर मलासेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच वस्तीला असते आणि तिचं अन्न म्हणजे स्निग्ध आम्लं. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायला चक्क ऑलिव्ह तेल वापरायची पद्धत आहे! कोंडा आणि खाज असताना ‘टाळू कोरडी पडली’ म्हणून वर आणखी तेल ओतलं तर तिचं आयतंच फावतं. पांढरा, तेलकट कोंडा आणि लाली असेल तर तेल थांबवून डॉक्टरला दाखवावं. केसांना चोपडलेलं दाट तेल कपाळावर ओघळून तिथे पुरळ उठतं, हेही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये इतकं दिसायचं की १९७० मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘पोमेड ॲक्ने’ असं नावच दिलं (पोमेड म्हणजे केसांना लावायचं दाट मलम).

हे पोमेड कुठून आलं, ही वेगळीच कहाणी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांचं शिया, ताडतेल, लाकडी कंगवे, केसांसाठी दिवस काढून बसायची सवड, सगळंच सुटलं. हाताशी होतं ते वापरलं: डुकराची चरबी, लोणी, प्रसंगी रॉकेलसुद्धा. गुलामी संपली तरी घरात नळ नव्हता, केस महिनोन्‌महिने धुतले जात नसत, टाळूचे आजार सर्रास होते. १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या सारा ब्रीडलव्हचे केस असेच गळायला लागले. पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने तिने १९०६ पासून केसांचं मलम विकायला सुरुवात केली. त्यात गंधक, पेट्रोलियम जेली, मेण आणि खोबरेल. गंधक टाळूच्या रोगाला, बाकी सगळं पांघरूण. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं दुसरं सांगणं: केस वरचेवर धुवा. म्हणजे तिथेही आधी पाणीच. १९१९ मध्ये ती वारली तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय बायकांत तिची गणना होत होती.

नंतरची कित्येक दशकं तिथे केस सरळ करायच्या साधनांची होती. तापलेल्या लोखंडी कंगव्यांची आणि कॉस्टिक सोड्याच्या क्रीमची. गेल्या वीसेक वर्षांत असंख्य बायकांनी ती सोडून केस आहेत तसे वाढवले आणि शियाचे डबे पुन्हा घरोघरी आले. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेतेहतीस हजार बायकांच्या पाहणीतून असं दिसलं की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा सरळ करायची रसायनं वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के येतं, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. कारण रसायनच, हे त्याने सिद्ध होत नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

हे सगळं परक्या देशाचं म्हणून सोडून देऊ नये. मुरुड-जंजिऱ्यापासून कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलांपर्यंत आफ्रिकन वंशाचा सिद्दी समाज शतकानुशतकं इथलाच आहे. आणि ज्या मराठी घरांत ‘हिचे केस अगदी झिपऱ्यांसारखे’ म्हणत कुरळ्या केसांच्या मुलीला दर रविवारी तेलाने चोपडून करकचून वेण्या घातल्या जातात, तिथेही हाच हिशेब थोड्या सौम्य प्रमाणात लागू आहे. मी त्यातलीच. आता ओल्या केसांना, टोकांना, दोन थेंब. कोरडे असताना विंचरणं बंद. शाळेतल्या फोटोंत माझं डोकं हेल्मेटसारखं का दिसायचं ते मला चाळिशीत कळलं.

मे महिन्यात मावशी राजापूरहून आली. तिच्या पिशवीत नेहमीप्रमाणे आमसुलं, कुळथाचं पीठ आणि कागदात गुंडाळलेली दोन मुठेलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल, मुठीत दाबून केलेला गोळा. आमच्याकडे पायांच्या भेगांना लावतात. आईच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, एक गोळा घेऊन ती जिना चढली. तिचा अंदाज वाईट नव्हता. कोकमाचं तेलही स्टिअरिक आणि ओलेइकचंच आहे. युरोपच्या कायद्यात चॉकलेटमध्ये कोको लोण्याबरोबर जी सहा वनस्पती स्निग्धं घालायला परवानगी आहे, त्या यादीत शिया आणि कोकम दोन्ही आहेत.

वरच्या मुलीने गोळा हुंगला, नखाने खरवडला, तळव्यावर चोळला. "मेणबत्ती आहे काकू ही!" खरंच, ते शियापेक्षा बरंच कडक. पण तिने हार मानली नाही. गोळ्याचा चतकोर किसणीवर किसला, वाटीत घेतला, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवला आणि त्यात तेवढंच तिळाचं तेल घातलं. फ्रीजमध्ये ठेवून थिजलं ते मऊसर, तुपाच्या साईसारखं. मग फवाऱ्याची बाटली काढली, एक बट ओली केली, टोकाला ते लावलं आणि पीळ घातला.

आई बाजूला उभी राहून बघत होती. "टाळूला नाही ना लावायचं?" तिने विचारलं.

"नाही काकू."

"मग माझ्या टाचांना पुरेल एवढं राहू दे त्यातलं."